सेलिना केर्शॉचे निरोप

"गुडघा आता दुखत नाही म्हणतोय," सेलिना केर्शॉ व्यासपीठावरून म्हणाली. "आणि आईला सांग म्हणतोय, शीळ घालायची खोड काही सुटलेली नाही."

मागच्या बाकावर हेटी टॅटर्सॉलनं रुमाल तोंडाला लावला आणि मान हलवली. ओळख पटली. तिचा विल्फ फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत पडला त्याला आता चौदा वर्षं होत आली होती. पण वर्षातून चार-पाच वेळा तरी तो सेलिनाच्या तोंडून आईला आपली खुशाली कळवत असे. सभेतल्या बायकांना तो शेजारच्या पोरासारखाच झाला होता.

सभा भरायची ती किराणा दुकानाच्या माडीवर. रविवारी संध्याकाळी पायपेटीवर दोन प्रार्थनागीतं व्हायची, अध्यक्ष हॉरॉक्स चार शब्द बोलायचे आणि मग सेलिना उभी राहायची. तिच्या अंगात काही संचारत नसे. डोळे फिरवणं, घोगरा आवाज काढणं, अंधारात टेबलं हलवणं, हे सगळं ब्लॅकपूलला उन्हाळ्यात हवा खायला येणाऱ्या गर्दीसाठी ठीक आहे, असं तिचं मत होतं. ती नुसती उभी राहून बाकांवरून एकदा नजर फिरवायची, डोळे मिटायची आणि थोड्या वेळानं बोलू लागायची. शेजारणीला कपडे वाळले का विचारावं, तितक्या साध्या आवाजात ती मेलेल्यांचे निरोप सांगे.

हे तिच्या मागं लागलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. गिरणीत चार माग सांभाळायची. विणकामाच्या खात्यात इतका खडखडाट असे की तोफ उडाली तरी कळलं नसतं. त्या खडखडाटात एका सकाळी तिला तिच्या भावाची हाक ऐकू आली, अगदी कानाशी. वळून पाहिलं तर कोणी नव्हतं. दुपारी घरून माणूस आला: भाऊ कोळशाच्या खाणीत दरड कोसळून गेला होता. ती गोष्ट गल्लीत पसरली आणि बायका तिच्याकडे येऊ लागल्या. पुढं लढाई आली. मग तर लँकेशायरच्या त्या खोऱ्यात तिच्या दारात न आलेलं घर शोधावं लागलं असतं. कोणाकडून तिनं कधी काही घेतलं नाही. चहा आणि केकचा तुकडा पुढं आला तर तेवढा घ्यायची.

पस्तिशीच्या आत तिचे कान गेले. त्यात नवल नव्हतं. विणकरणी सगळ्याच बहिऱ्या व्हायच्या आणि सगळ्याच ओठ वाचायला शिकायच्या. मागांच्या आवाजात बोलायचं तर घसा फोडून उपयोग नसे. ओठ मोठे करून हलवायचे, समोरची वाचून घेई. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला दिवस गेले, कोणता मुकादम कोणाच्या मागं लागलाय, सगळं आवाजाशिवाय चाले. गिरणी सुटल्यावरही दोन बायका रस्त्याच्या दोन कडांना उभ्या राहून गप्पा मारत आणि मधून जाणाऱ्याला त्याचा पत्ता नसे.

तिचा नवरा एमॉस लाकडी तळाचे बूट करायचा. त्या माडीचा जिना तो कधी चढला नाही. मेल्यावर तरी माणसाला जरा स्वस्थ पडू द्या, असं म्हणायचा. पण सभा संपायच्या वेळेला जिन्याखाली येऊन उभा मात्र राहायचा, पाऊस असो की बर्फ. घरी दोघांचं बोलणं बिनआवाजाचंच होतं. तिला ऐकू येत नव्हतं आणि त्याची छाती दुबळी. ओठ हलवले की काम भागे. त्याचा आवाज कसा होता, हे तिला आता नीटसं आठवतही नव्हतं.

फेब्रुवारीत त्याच छातीनं तो गेला.

सभेत सगळ्यांची खात्री होती की एमॉस येणार. हॉरॉक्स म्हणाले, घाई करू नका केर्शॉबाई, नव्यानं गेलेल्याला तिथं रुळायला वेळ लागतो. हे वाक्य तिनं स्वतःच शेकडो बायकांना सांगितलं होतं. तिनं वाट पाहिली. हेटीचा विल्फ आला, पाववाल्याची आई आली, एक बुडालेला खलाशी आला. एमॉस आला नाही. "जन्मभर हट्टी, तिथं जाऊन थोडाच बदलणार?" ती हेटीला म्हणाली आणि हसली. मनात मात्र एक शंका घर करून बसली. बाकीचे सगळे तिच्या कानाशी येऊन बोलत. एमॉसला तिच्याशी बोलायचं तर समोर यावं लागलं असतं, चेहरा घेऊन. आणि चेहरा कधीच कोणी घेऊन आलं नव्हतं.

मे महिन्यात बर्नलीहून एक तरुण माध्यम, सेलिनासारखाच मेलेल्यांचे निरोप सांगणारा, पाहुणा म्हणून आला. सिरिल लोमॅक्स त्याचं नाव. सडपातळ, इस्त्रीचा सूट, वागायला लाघवी. त्या दिवशी सेलिना पहिल्याच बाकावर बसली होती. प्रार्थनागीत चालू असताना तिची नजर सहज बाजूला गेली. हॉरॉक्सांची बायको शेजारणीला ओठांनी सांगत होती: ती काळ्या टोपीतली. नवरा बूट करायचा. छातीनं गेला.

सेलिनानं मान वळवली. व्यासपीठावरचा पोरगाही त्याच ओठांकडे बघत होता. मग त्यानं डोळे मिटले.

"माझ्याजवळ एक गृहस्थ उभे आहेत," तो काही वेळानं म्हणाला. "चामड्याचा वास येतोय मला. छाती आता मोकळी झाली, असं सांगताहेत. आवाज कसा खणखणीत आहे. ते म्हणतात, सेलिना, मी चुकलो. तुझंच खरं होतं." बाजूच्या बायका डोळे पुसू लागल्या होत्या. "केर्शॉबाई, ओळख पटते का?"

मी चुकलो, हे शब्द एमॉसनं कधी उच्चारले नव्हते. धुराड्याची जाळी त्यानं उलटी बसवली आणि घरभर काजळी झाली, तेव्हासुद्धा वाराच वेडावाकडा आहे म्हणाला होता. पण सेलिना त्या शब्दांकडे बघत नव्हती, ती पोराच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्याच्या कपाळावर घाम होता. तो फसवत नव्हता. त्याला ते खरंच ऐकू आलं होतं, जसं तिला यायचं तसंच. डोळे उघडे असताना जे आत जायचं, तेच डोळे मिटल्यावर दुसऱ्याचा आवाज घेऊन बाहेर यायचं. मधल्या त्या वाटेकडे तिनं आजवर एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

सगळी सभा तिच्या उत्तरासाठी थांबली होती.

"पटते," ती म्हणाली. "देव तुझं भलं करो, पोरा."

नंतर चहाच्या वेळी तिनं त्याला खिडकीपाशी गाठलं आणि तुझी आई विणकरीण का, असं विचारलं. हो म्हणाला, जन्म गेला तिचा गिरणीत, तुम्ही कसं ओळखलंत? त्याच्या ओठाला केकवरची साखर लागली होती आणि तो फार खुशीत होता. तिला जे बोलायचं होतं ते जिभेवरून मागं गेलं. "उगाच आपलं. छान बोललास," ती म्हणाली. "आणखी एक तुकडा घे."

पुढच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी माडीवर गेली आणि आपली खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. हॉरॉक्सांना ते अजिबात आवडलं नाही. लोक काय म्हणतील, सभेकडे पाठ करून बसणं बरं दिसतं का, असं बरंच काही ते म्हणाले असावेत. तिनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. माणसं आली ती तिला फळ्यांच्या हादऱ्यातून कळली. गीतं सुरू झाली, संपली. मग हॉरॉक्सांनी तिच्या खांद्याला हात लावला. ती उठली, भिंतीकडेच तोंड ठेवून उभी राहिली आणि डोळे मिटले.

विल्फ आला नाही. पाववाल्याची आई आली नाही. कोणीच आलं नाही. नुसता काळोख होता, आणि कान गेल्यापासून डोक्यात सतत चालणारी ती बारीक गुणगुण. ती उभी राहिली. पाय दुखायला लागेपर्यंत उभी राहिली. शेवटी वळली आणि म्हणाली, "माझ्यापाशी आज कोणी नाही."

त्यापुढच्या रविवारी पुन्हा तसंच झालं. मग हॉरॉक्सांनी नेल्सनहून दुसरी बाई बोलावली आणि केर्शॉबाईंना विश्रांतीची गरज आहे असं जाहीर केलं. घरी बसून सेलिनानं मागच्या सगळ्या वर्षांचे निरोप एकेक करून उलगडून पाहिले. कोणता कोणाच्या ओठांवरून उचलला असेल, ते बहुतेक ठिकाणी तिला सांगता आलं. भावाची हाक तेवढी कोणाच्याच ओठांवर बसेना. तिचा नाद तिनं सोडून दिला.

हेटी आली तेव्हा सेलिना बटाटे सोलत होती. कधी येणार परत, सगळ्या विचारताहेत, असं हेटी म्हणाली. सेलिनानं सुरी खाली ठेवली नाही, वरही बघितलं नाही. जे होतं ते सगळं सांगून टाकलं. तुझा विल्फ माझ्याकडे कधीच आला नाही, मी तुझेच ओठ वाचत होते, हेही सांगितलं. मग मान वर केली, कारण हेटी काय म्हणते ते बघावं तर लागणारच होतं.

"मला ठाऊक होतं," हेटी म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. अगं, मी काय चर्चच्या बागेत फुलं वेचत म्हातारी झाले? मागावरच झाले ना? गुडघ्याचं मी बहिणीला सांगितलं, तू डोळे मिटलेस, आणि तेच तुझ्या तोंडून आलं." तिनं टोपलीतला एक बटाटा उचलला आणि अंगठ्यानं त्याची माती काढू लागली. "मग मी मुद्दामच सांगायला लागले. दिव्याखाली बसायचे, तोंड तुझ्याकडे करून. शिळेचं मीच सांगितलं तुला."

"मला वेड्यात काढलंस म्हणजे."

"नाही गं."

"आणि ते रडणं?"

"ते खरं होतं." हेटीनं बटाटा टोपलीत ठेवला. "जेबेझ बाप असून घरात त्याचं नाव काढू देत नाही. लष्कराचं पत्र आलं त्या दिवसापासून. फोटो माळ्यावर नेऊन टाकला. चुकून माझ्या तोंडून गेलं तर भरल्या ताटावरून उठतो. त्या माडीवर कोणीतरी चारचौघांत मोठ्यानं विल्फ म्हणायचं. तो बोलतोय की तू, त्याच्याशी मला काय करायचं होतं? आता तेही कोणी म्हणत नाही. ती नेल्सनवाली मला कुठल्या तरी आत्याचे निरोप देते."

सेलिनाला राग आला होता, आणि तो बराच वेळ गेला नाही. दोघींनी सगळे बटाटे सोलून संपवले, लागणार होते त्यापेक्षा कितीतरी जास्त. हेटी जायला उठली तेव्हा सेलिना म्हणाली, येत्या रविवारी मी दुपारचा चहा तुझ्याकडे घेईन.

जेबेझ टॅटर्सॉल गिरणीत माग दुरुस्त करायचा; आता निवृत्त होता. अंगानं थोराड, मिशा पांढऱ्या, बोलणं मोजकं. सेलिनाला त्यानं मान हलवून बसायला सांगितलं. टेबलावर थंड हॅम होतं, लोणच्यातले कांदे होते, पाव-लोणी होतं. मागच्या अंगणातून ऊन थेट ताटांवर पडलं होतं. सुरुवात कशी करायची याचा सेलिनानं आठवडाभर विचार केला होता, पण त्यातलं काहीही त्या क्षणी सुचलं नाही.

"जेबेझ," ती म्हणाली, "तुमचा विल्फ उंचीला केवढा होता?"

हेटीचा हात चहाच्या किटलीवर तसाच राहिला. जेबेझचं चावणं थांबलं.

"इतकी वर्षं मी त्याचे निरोप देत आले," सेलिना म्हणाली. "सगळे माझ्याच मनचे. तो केवढा होता, एवढंसुद्धा मला माहीत नाही. म्हणून विचारते."

जेबेझचे ओठ हलू लागले, तशी तिनं नजर खाली ताटाकडे वळवली. जे काही असेल ते तिला वाचायचं नव्हतं. मग पायाखालच्या फरशीतून खुर्ची सरकल्याचा हादरा आला. उठला, तिनं मनाशी म्हटलं. संपलं.

तिनं वर पाहिलं तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दाराशी पोचला होता. दार उघडं होतं आणि पलीकडं अंगण होतं, पण तो बाहेर गेला नाही. त्यांच्याकडे पाठ करून तसाच उभा राहिला. मग त्यानं उजवा हात वर नेला. चौकटीच्या लाकडावर जरा चाचपला, बोटभर खाली आणला, पुन्हा किंचित वर नेला, आणि आपल्या स्वतःच्या डोक्याच्या थोडा वर एका जागी पंजा आडवा टेकवला.

तो हात त्यानं बराच वेळ खाली घेतला नाही.