पुढच्या चाकाखालचं लिंबू

सोपानने चपलेने काचा बाजूला सारल्या आणि पूर्वी जिथं नवी गाडी उभी करायचे, बरोब्बर त्या जागी जाऊन तो उभा राहिला. कामशेतचं ट्रकचं शोरूम आज पाडत होते. दर्शनी काच सकाळीच खाली आली होती, जेसीबीवाला चहाला गेला होता. जुन्या हायवेवरून जाणारे क्षणभर गाडी थांबवत, "आमच्या आबांचा पहिला ट्रक हितलाच," म्हणत आणि चालू लागत.

याच जागी सोपानने उभा जन्म डिलिवऱ्या दिल्या. नारळ फोडायचा, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं, मालकाच्या हातात किल्ली द्यायची. लिंबू फुटल्याशिवाय तो गाडी फाटकाबाहेर जाऊ देत नसे. एकच गाडी जाऊ दिली होती, आणि ती मेली अजून त्याच्या छातीवरून उतरत नव्हती.

"सोपानभाऊ न्हवं?"

त्याने वळून पाहिलं. बेडसे गावच्या निवृत्तीची बायको, शालन. केस पार पांढरे झाले होते, पण डोळे तेच.

निवृत्तीने ट्रक घेतला तेव्हा ठणकावून सांगितलं होतं, "नारळ नको, लिंबू नको. आमी बुद्धाची माणसं. वंदना म्हणू अन् निघू." तो सह्या करायला आत गेला तशी शालनने पदराआडून लिंबू काढून सोपानच्या हातात कोंबलं. "भाऊ, गुपचूप ठिवा. त्यांना कळू देऊ नका." सोपानने मान डोलावली. ती केबिनमध्ये जाऊन बसली. पण ट्रकपुढे डोळे मिटून, हात जोडून उभा राहिलेला निवृत्ती पाहिला आणि सोपानचा हात काही धजला नाही. लिंबू खिशातच राहिलं.

त्यानंतर आठव्याच महिन्यात दाट धुक्यात तो ट्रक घाटातून दरीत गेला. निवृत्तीसकट.

"मयतीला आला न्हाईत तुमी," शालन म्हणाली.

"तोंड न्हवतं वहिनी दाखवायला."

"मलाबी न्हवतं." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तुमाला एकट्यालाच ठाव हाय, म्हणून तुमच्यापाशी बोलते. ते लिंबू. त्या माणसानं जल्मात माझ्यापासनं कायबी लपवलं न्हाई. अन् त्याच्या चाकाखाली मी खोटं ठिवलं. आज सांगीन, उद्या सांगीन म्हणत व्हते. ते तसंच गेले बघा. विहारात वंदनेला उभी ऱ्हायले की तेच डोळ्यापुढं येतं."

आपल्या चुकीनेच हिचा नवरा गेला, असं धरून तो इतकी वर्षं जगला होता. आता खरं सांगावं तर ही चारचौघांत शिव्यांची लाखोली वाहील. वाहू दे, त्याने मनाशी म्हटलं.

"वहिनी, ठिवलंच न्हाई ते."

"काय?"

"लिंबू. म्या ठिवलंच न्हाई. निवृत्तीकडं बघितलं अन् हात झाला न्हाई माझा. खिशात घालून घरी न्हेलं."

त्याने मान खाली घातली आणि वाट पाहिली. शिवी आली नाही. शालन जवळच्या पायरीवर मटकन बसली.

"म्हंजे ते म्हणाले तसंच निघाले हितनं?"

"व्हय. अगदी तसंच."

तिने तोंडावर पदर धरला आणि ती रडली, आवाज काढून, लाज न बाळगता. सोपानच्याही डोळ्यांना धार लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याची छाती हलकी झाली होती. तिकडे जेसीबी पुन्हा सुरू झाला आणि कामावरची पोरं "आज्जी, सरका!" म्हणून ओरडू लागली.

शालनने डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"पस्तीस वर्सं, भाऊ," ती म्हणाली. "बेडसं काय लांब व्हतं का?"