एक्केचाळीस वेळा

ज्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही अशा दोन गोष्टींची तुलना करायला सांगणाऱ्या माणसाचा मला मुळातच राग येतो. त्यातून तो माणूस आपला साहेब असेल तर विचारूच नका.

आमच्या कंपनीची दोन ॲप्स. एक 'खाऊ'. आईबापांनी त्यात घरातली कामं टाकायची, मुलांनी ती करायची, आईबापांनी बरोबरची खूण केली की मुलाचे खाऊचे पैसे जमा. दुसरं 'जमूया', वस्तीतल्या लोकांना एकत्र यायला. कोणी बुद्धिबळाचे डाव मांडतं, कोणी जुन्या सायकली दुरुस्त करायला शिकवतं, कोणी नुसतंच सकाळी चालायला सोबत मागतं. दोन्हीकडच्या तक्रारींचे फोन मी घेते. नऊ वर्षं लोकांचं वाट्टेल ते ऐकून गोड बोलते आहे. तो गोडवा तिथेच संपतो, घरी न्यायला उरत नाही.

साहेबांना आम्ही पाठीमागे 'टक्के' म्हणतो, कारण टक्क्यांशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नाही. त्या बुधवारी त्यांनी जाहीर केलं की दोनपैकी एकच ॲप चालू ठेवायचं, आणि तुलनेचा तक्ता मी शुक्रवारपर्यंत करायचा. रकाने मात्र त्यांनीच आखून दिले. सगळ्यात वजनदार रकाना होता, 'एक माणूस दिवसातून किती वेळा उघडतो'.

मी म्हटलं, 'जमूया' लोक आठवड्यातून एकदा उघडतात. वेळ बघतात, 'येतो' दाबतात, फोन खिशात टाकतात आणि जातात. शेवटी ज्याने बोलावलं तो, कोण कोण आलं ते समोर बघून एकेका नावावर खूण करतो. संपलं. माणूस फोन ठेवून घराबाहेर पडला म्हणून ॲप नापास करायचं का? टक्के म्हणाले, भावनेला रकाना नाही. मी दातओठ खात रकाने उतरवून घेतले.

मग त्यांनी भिंतीवर 'खाऊ'चा आलेख लावला आणि सगळ्यात उंच रेघेवर कौतुकाने बोट ठेवलं. दहा वर्षांचं मूल, दिवसातून एक्केचाळीस वेळा उघडतं. आपलं आदर्श गिऱ्हाईक, म्हणाले. नाव झाकलेलं होतं, पण शेजारी कामांची यादी होती. झाडांना पाणी घालणे. कासवाची टाकी धुणे. आईचा चष्मा पुसणे.

माझी वहिनी शिवणकाम करते. दिवसभरात तिच्या चष्म्यावर सुताची धूळ बसते आणि ती मुंगी पुसते. मुंगी म्हणजे माझी भाची. एवढीशी आहे आणि सतत काहीतरी करत असते, म्हणून मुंगी.

तिला ते ॲप मीच दिलं होतं, दहाव्या वाढदिवसाला. कंपनीत काम करणाऱ्यांना फुकट मिळतं. तेव्हा दादाची नुकतीच दुसऱ्या शहरात बदली झाली होती. लांब असलास तरी पोरीवर लक्ष राहील, असं मोठ्या तोंडाने सांगून मोठ्यांचं खातं मीच त्याच्या फोनवर उघडून दिलं होतं.

तक्रार आल्याशिवाय कोणाचं खातं उघडायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. तो मी जागेवर येऊन पहिल्या मिनिटाला मोडला. 'खाऊ'मध्ये मुलांनाही काम सुचवता येतं. मोठ्यांनी आधी ते मंजूर करायचं, मग झाल्यावर 'पूर्ण' म्हणायचं. मुंगीने एक काम सुचवलं होतं : 'रविवारी बाबांनी माझ्याबरोबर पोहायला येणे.' मोबदला, एक रुपया. आमच्या ॲपला शून्य चालत नाही, म्हणून एक. त्यापुढे लिहिलेलं होतं, 'मंजुरीची वाट पाहत आहे.' एकोणीस दिवस. म्हणजे ती कामं करायला ॲप उघडत नव्हतीच. हे बघायला उघडत होती.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती माझी गेली. जिन्यात जाऊन दादाला फोन लावला.

"मुंगीने तुला एक काम पाठवलंय. एकोणीस दिवस झाले."

"अगं, ते दिवसभर वाजत राहतं. मी आवाज बंद करून टाकलाय. बघतो संध्याकाळी."

"आत्ता बघ. मी फोन धरून उभी आहे."

तो कोणाला तरी 'एक मिनिट हं' म्हणाला.

"हां, केलं बघ."

"काय केलंस?"

"सगळं पूर्ण करून टाकलं. बरंच साठलं होतं. पोहण्याचं पण होतं काहीतरी. गेली होती का ती?"

'सगळं पूर्ण' हे आमचंच बटण; एकदा दाबलं की मंजूर न झालेली कामंही पूर्ण. वाचायला वेळ नसतो, एकेक खूण करायचा कंटाळा येतो, अशा आईबापांच्या तक्रारी होत्या. त्या मी घेतल्या, मीच वर पाठवल्या, आणि महिन्याभरात बटण आलं. टक्क्यांनी पेढे वाटावेत तसं ते सगळ्यांना दाखवलं होतं.

दादाला मी जिन्यात उभी राहून इतकं बोलले की वरच्या मजल्यावरचा शिपाई खाली डोकावून गेला. दादा ऐकत होता, मध्ये मध्ये 'अगं हो' म्हणत होता. शेवटी म्हणाला, येतो या रविवारी, नक्की. त्याचं 'नक्की' मी लहानपणापासून ओळखते.

संध्याकाळी मुंगीच्या घरी गेले. वहिनी मशीनवर होती. मुंगी माझीच वाट बघत असल्यासारखी दारात आली.

"आत्या, तुमच्या ॲपमध्ये चूक आहे. मी पोहायला गेलेच नाहीये आणि ते 'शाबास, काम पूर्ण' म्हणतंय. तक्रार कुठे करायची?"

नऊ वर्षांत अशी तक्रार माझ्याकडे आली नव्हती. मशीन थांबलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं, पण ती पुन्हा सुईत दोरा ओवू लागली. मला तिचाही राग आला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. मी पिशवीतून वही काढली आणि तक्रार लिहून घेतली. तारीख, वेळ, आणि मुंगीने विचारलं म्हणून कारणही : मोठ्यांकडचं 'सगळं पूर्ण' बटण. मग मुंगीच्या फोनवरून 'खाऊ' काढून टाकलं आणि 'जमूया' घातलं. तिने स्वतः लिहिलं : रविवार, सकाळी नऊ, तरणतलाव. बोलावलेले : बाबा, आत्या. दादाचं 'येतो' दोन मिनिटांत आलं. मुंगीने फोन उशीखाली ठेवला आणि कासवाची टाकी धुवायला गेली.

शुक्रवारी मी तक्ता दिला, एक रकाना वाढवून : 'स्वतः यावं लागतं का?' 'जमूया', हो. 'खाऊ', नाही. हा रकाना कोणी मागितला, असं टक्क्यांनी विचारलं. आदर्श गिऱ्हाइकाने, मी म्हटलं, आणि त्या रेघेचं गुरुवारपासून शून्य का झालंय तेही याच रकान्यात सापडेल. त्यांनी माझ्यासमोर तो रकाना खोडला. 'जमूया' महिनाअखेर बंद होणार हे मला त्यांच्या पेनाच्या आवाजावरूनच कळलं. वस्तीवस्तीतल्या त्या सायकलवाल्यांना, बुद्धिबळवाल्यांना हे गोड आवाजात सांगायचं काम माझंच.

रविवारी नऊला आम्ही तलावाच्या पायऱ्यांवर होतो. मुंगीने पोहायचा पोशाख घरूनच घातला होता, वर फ्रॉक. साडेनऊला मी तिच्याच फोनवरून दादाला फोन केला, त्याने घेतला नाही. दहाला त्याचा निरोप आला की ऐनवेळी काम निघालं, पुढच्या रविवारी नक्की. मुंगी म्हणाली, अजून थोडं थांबू. अकराला तलाव बंद करणारा माणूस किल्ल्या घेऊन आला. भिंतीवर फोन फेकून मारावा असं मला वाटत होतं, पण फोन तिच्या हातात होता.

पडद्यावर 'जमूया'चा शेवटचा प्रश्न आला होता, कोण कोण आलं? माझ्या नावावर तिने खूण केली. दुसऱ्या नावावर बोट नेलं आणि तसंच धरून ठेवलं.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "यात 'सगळं पूर्ण'चं बटण नाहीये का?"

नाही म्हणाले. मग तिचा टॉवेल उचलला आणि आम्ही पायऱ्या उतरलो.