चादरीचं दुसरं टोक

धुतलेली चादर दोघींनी मिळून ताणली, झटकली, आणि घडी घालायला ती पुढे झाली तशी समोरून तिच्यासोबत कामाला असलेली मावशीही पुढे आली. बोटांना बोटं लागली, घडी पडली, पुढची चादर आली. दवाखान्याच्या धुलाईघरात दुपारी वाफ इतकी दाटायची, की मावशीचा चेहरा कधी दिसे, कधी नुसता आवाजच येई. त्या पांढऱ्या धुरकटपणात आपण काम करतोय की झोपेत चालतोय, हेच तिला उमगत नसे.

फळीवर टेकवलेला फोन मात्र टक्क जागा होता.

“म्हणजे शरीरातलं रक्त आधी हृदयाच्या डाव्या कप्प्यात येतं?” त्याने विचारलं.

“हो,” ती म्हणाली.

नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेत ती दोनदा आपटली होती आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती. सुरुवातीला फोनमधल्या एआयला ती धडे समजावून सांगायला लावायची. तो इतकं छान सांगे, की ही नुसती मान डोलवायची, आणि प्रश्न समोर आला की डोक्यात अंधार. शेवटी वैतागून तिने खेळच उलटा केला. त्याला सांगितलं, तू माझा ढ विद्यार्थी हो, मी शिकवते, आणि कळलं नाही तर गप्प बसू नकोस. तेव्हापासून हा ढ तिचं डोकं खात होता. मावशीला हे थेर पटत नव्हते. यंत्राशी बोलतेस त्यापेक्षा माझ्याशी बोल, असं म्हणून ती तोंड फुगवून घड्या घाली.

“पण फुप्फुसातून परतलेलं रक्तही डावीकडेच येतं, असं तू मघाशी सांगितलंस,” फोन म्हणाला. “मग दोन्ही रक्तं तिथे एकत्र होतात का?”

घोडं तिथेच अडलं. पुस्तकातली आकृती तिला पाठ होती, आणि शरीरातलं रक्त तिथे डावीकडेच शिरताना दिसायचं. चादर तशीच ताणून ती उभी राहिली. पलीकडे मावशी खोळंबली होती.

“मावशी, तुमचा उजवा हात वर करा बघू.”

मावशीने केला. वाफेतून वर आलेला तो हात तिच्या डावीकडे होता. ती बघतच राहिली. आकृतीतला माणूसही असाच समोर तोंड करून उभा होता, आणि इतके दिवस ती आपली डावी बाजू त्याच्या गळ्यात मारत होती. तिला हसू आवरेना.

“उजवा कप्पा,” ती फोनला म्हणाली. “मीच चुकीचं शिकवलं तुला.”

“म्हणजे या खेपेला तू पास होणार?” मावशीचा हात अजून वरच होता.

“होईन असं वाटतंय.”

मावशीने हात खाली घेतला आणि चादर पुन्हा धरली. कामावरची एखादी बाई सोडून गेली की तिच्या जागी दुसरी घ्यायची नाही, हा दवाखान्याचा शिरस्ता दोघींना ठाऊक होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती चहा पिऊन परतली, तर आत वाफेत कुणीतरी धडपडत होतं. चादरीची दोन टोकं खिडकीच्या गजांना बांधून मावशी एकटीच घडी घालत होती. घडी वाकडी पडली. मावशीने ती सोडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

ती घाईने दारातून पुढे व्हायला गेली.

“तिथंच थांब,” मावशी न वळता म्हणाली. “मलाही जमायला हवं ना.”

गजावरचं एक टोक निसटलं. ती दारातच उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.