महिपतकाकांची दोरी

“दोरीला पाणी लावू नको गो,” असं महिपतकाकांनी मला क्लबातल्या माझ्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी मान हलवली आणि विसरून गेले. बूट उंबऱ्यावर पालथे ठेवू नका, शिट्टी घरात वाजवू नका, अशा त्यांच्या बऱ्याच सूचना असतात. ही त्यांतलीच एक, असं मी धरलं.

आमचा खाडीकाठ फुटबॉल क्लब रत्नागिरीतला. खेळाडू बावीस, आणि पडद्यामागे आम्ही तिघं. नोंदणी, जन्मदाखले, पत्रव्यवहार माझ्याकडे. निशिगंधाताई जर्सी धुतात, उसवलेलं शिवतात. महिपतकाका मैदान राखतात. रोज पूर्णगडहून एसटीने येतात. फक्कीने, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या पुडीने, रेषा आखणं हे त्यांचं खास काम. यंत्र नाही, टेप नाही. अंबाडीची एक दोरी आणि तिला मारलेल्या गाठी. ही गाठ पेनल्टीच्या ठिपक्याची, ही मोठ्या चौकटीची, ही मधल्या वर्तुळाची. तीस वर्षं असंच.

माझी तेजू अडीच वर्षांची. ऑफिसच्या खोलीत माझ्याजवळच असते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. त्या गुरुवारी तिच्या तोंडात दोरीचं टोक होतं, चुन्याने माखलेलं. तोंड धुतलं, जीभ बघितली, डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले काळजी नको, तरी जीभ परत बघितली. मग दोरी साबणाच्या पाण्यात भिजत घातली, खसाखसा घासली, दोन दिवस वाळवली आणि शनिवारी गुंडाळून खुंटीला अडकवली. ती स्वच्छ दोरी बघून मला फार बरं वाटलं होतं.

रविवारी चारला लांज्याच्या संघाशी अंतिम सामना. पंच तीनला येऊन मैदान मोजणार होते. रेषा चुकलेल्या निघाल्या तर सामना लांज्याला हलणार, असं आयोजकांचं पत्र होतं. मीच ते फायलीला लावलं होतं.

दोन वाजता तेजूला कडेवर घेऊन मी मैदानात चक्कर मारत होते. काकांच्या रेषा आखून झाल्या होत्या, लाल मातीवर पांढऱ्याशुभ्र. मोठ्या चौकटीपाशी माझे पाय थबकले. नव्या रेषेच्या बाहेर, दीड वीत अंतरावर, आणखी एक रेषा होती. पुसट. गेल्या रविवारची. पेनल्टीच्या ठिपक्यालाही मागे एक पुसट भावंड होतं.

दोरी आखडली होती.

काका आणि निशिगंधाताई पाण्याच्या जारजवळ बाकावर बसून चहा पीत होते. तेजूला मी तिथेच खाली सोडलं.

“काका, रेषा आत आल्यात. मी दोरी धुतली होती.”

काकांनी दोरी हातात घेतली. तिच्याकडे बघितलं नाही, नुसता अंगठा फिरवला.

“साबनानं?”

“हो.”

“सकाळपासून वास येतोय. मला वाटला निशिगंधा लवकर आली.”

“म्हणजे मला साबणाचा वास येतो होय?” निशिगंधाताई म्हणाल्या. “उपकार झाले. घामाचा म्हणाला नाहीत.”

मला हसू येईना. “पण काका, जुनी रेषा तिथेच शेजारी दिसतेय. एरवी तुमच्या लगेच लक्षात...” गेले दोन महिने काका मला आवाजावरून ओळखत होते. जर्सीवरचा तीन त्यांना आठ वाटायचा. मला हे सगळं दिसत होतं, आणि मी विचारलं नव्हतं.

“काका, तुम्हाला नीट दिसत नाही ना?”

“दिसता तर. तू दिसतंस, पोर दिसता.” त्यांनी बाजूला प्रेमाने हात ठेवला.

“पोर माझ्या मागे आहे. तो पाण्याचा जार आहे.”

निशिगंधाताईंना हसू फुटलं आणि काकांचा चेहरा बघून अर्ध्यावर राहिलं.

“मोतीबिंदू,” काका म्हणाले. “डॉक्टर म्हनतो कापून टाकू. पन मग महिनाभर चुन्याजवळ जायचा नाय. तेवढ्यात कमिटी यंत्र आणील नि मला कायमचा घरी बसवील.”

पंच यायला पन्नास मिनिटं होती.

“तू डोळे हो,” काका उठत म्हणाले. “हात माझे हायत.”

निशिगंधाताईंनी खराटा घेऊन नव्या रेषा झाडल्या. मी तेजूला परत कडेवर घेऊन जुन्या रेषेवरून उलटी चालू लागले. माझ्या आवाजामागे काका फक्की सोडत येत होते, एक बोटभरही न हलता.

“इकडे काका. सरळ. अजून सरळ.”

“हळू गो. एसटी पकडायची नाय आपल्याला.”

तेजूने एकदा फक्कीकडे हात नेला, मी तो धरला, बाकी काही बिघडलं नाही. पंच आले. टेप लावून त्यांनी चौकट मोजली, ठिपका मोजला, मान डोलावली.

“कोणी आखलं?”

“हिनं,” काका म्हणाले.

“यांनी,” मी म्हणाले.

पंचांनी दोघांकडे बघितलं आणि वही मिटली. सामना आम्ही दोन-एकने जिंकलो. चषकाच्या फोटोत एका कडेला निशिगंधाताईंचं कोपर आलंय. आमच्या तिघांपैकी तेवढंच.

सोमवारी टेप मागवून घेतली. मी आकडे वाचले, काकांनी दोरीला नव्या गाठी मारल्या. मग मी कमिटीला अर्ज दिला: महिपतकाका परत येईपर्यंत रेषा मी आखेन, यंत्र नको. अर्ज लिहिण्यात मी कुणाला हार जाणार नाही. मंजूर झाला. त्या संध्याकाळी काकांनी स्वतःहून शस्त्रक्रियेची तारीख घेतली.

ती गेल्या मंगळवारी झाली. मुंबईचा मुलगा दोन दिवस राहून परत गेला, आता काका घरी एकटेच आहेत. म्हणून तुम्हाला एक विनंती. पूर्णगडचा किल्ला बघायला गेलात, तर चढाच्या अलीकडे उजव्या हाताला निळ्या दाराचं घर आहे. महिपतकाकांना हाक मारा. काळा चष्मा लावलाय का बघा. दुपारचे थेंब घातले का विचारा; फोनवर ते मला “घातले गो” म्हणतात आणि माझा विश्वास बसत नाही. वाकून काही उचलत असतील तर खुशाल ओरडा. आणि दोरी कोरडी आहे, तेजूचा हात पोचणार नाही अशा खुंटीवर आहे, एवढं त्यांना सांगा.