चेंडू रेषेवर होता

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. माणसं वाहणारी नव्हे. मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या रेषा ओढणारी. माझ्यासारखीने स्वतःबद्दल बोलावं का, याचा मी पुष्कळ विचार केला. कंटाळलात तर खुशाल उठा, मला राग येणार नाही.

बिल्लाकूट हे आमचं गाव, गव्हाचं आणि मेंढ्यांचं. मैदान सांभाळणाऱ्या क्लॅरी हॅस्किनने मोडक्या बाबागाडीची चाकं, पत्र्याचा डबा आणि एक नळी जोडून मला तयार केलं. शेजारच्या व्हर्न पिडकॉकने मला हिरवा रंग दिला आणि निम्मा क्लॅरीच्या बुटांवर सांडला.

"अरे, गाडी रंगव म्हटलं होतं, मला नव्हे!" क्लॅरी म्हणाला.

"तुलाच जास्त गरज होती," व्हर्न म्हणाला.

व्हर्नचा जीव टेनिसवर. त्याच्या घरामागे हिरवळीचं कोर्ट होतं. उन्हाळ्यात आम्ही तिथे रेषा ओढायला जायचो. हिवाळ्यात मैदानावर फुटबॉल असे, आमच्याकडचा: लांबट चेंडू हातांनी झेलायचा आणि दोन उंच खांबांमधून मारायचा.

रेषा तीच, चुनाही तोच. पण खेळ बदलला की तिचा अर्थ बदले. टेनिसमध्ये चेंडू रेषेला नुसता चाटून गेला तरी आत. क्रिकेटमध्ये बॅट रेषेवरच राहिली आणि यष्ट्या उडाल्या, की फलंदाज बाद. रग्बीत चेंडू घेऊन पळणाऱ्याचा पाय बाजूच्या रेषेला लागला की तो बाहेर. पण टोकाच्या रेषेवर त्याने चेंडू टेकवला, तर गुण. आणि आमच्या फुटबॉलमध्ये अख्खा चेंडू रेषेपलीकडे गेल्याशिवाय गोल नाही. हे सगळं मला फार उशिरा कळलं. मी आपली रेषा ओढायची आणि कडेला उभी राहायची. माझ्याशी खेळायला कधी कुणी आलं नाही.

एका वर्षी आमचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. गोल झाला की नाही ते ठरवणारा पंच ऐन वेळी आजारी पडला, तेव्हा क्लॅरीनेच व्हर्नच्या अंगावर पंचाचा पांढरा कोट चढवला.

"नुसतं रेषेकडे बघायचं. त्यात काय अवघड आहे?"

सामना संपत आला होता आणि आम्ही जेमतेम पुढे होतो. पाहुण्यांनी मारलेला चेंडू खांबांच्या मधोमध उतरला आणि आमच्या खेळाडूने तो रेषेच्या वरच झेलला. अर्धा चेंडू अलीकडे, अर्धा पलीकडे. व्हर्नने दोन्ही हातांची बोटं पुढे करून गोल दिला आणि निशाण हलवलं.

"आंधळ्या! चेंडू रेषेवर होता!" मैदानाच्या कडेवरून क्लॅरी ओरडला.

"रेषेवर होता म्हणूनच तर..." व्हर्न म्हणाला आणि थबकला. त्याचा चेहरा पडला. पण निशाण हलवून झालं होतं. आम्ही हरलो.

संध्याकाळी क्लबात सगळ्यांसमोर क्लॅरी म्हणाला, "जा बाबा, तू आपलं ते नाजूक टेनिस खेळ. पुन्हा इकडे फिरकू नकोस." लोक हसले. व्हर्नने कोटाची नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि तो निघून गेला.

तो परत आलाच नाही. क्लॅरीही त्याच्याकडे गेला नाही. दोन घरांमध्ये फक्त तारेचं कुंपण होतं. क्लॅरीच्या अंगणातल्या माझ्या कोपऱ्यातून मला व्हर्नचं कोर्ट दिसे. तिथे गवत माजलं, मग काटेरी झुडपं आली. दुकानात समोरासमोर आले की दोघेही टोपी खाली ओढत. क्लॅरी दिवसभर माझ्याशी बोलायचा, पण व्हर्नचं नाव काढत नसे.

पुढे तरुण मुलं शहरात गेली. आमचा संघ शेजारच्या गावाच्या संघात विलीन झाला आणि मैदानावर मेंढ्या चरू लागल्या. क्लॅरीच्या लेकीने त्याला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी त्याने व्हर्नच्या कोर्टावरचं गवत न विचारता कापलं, माझ्यात चुना कालवला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी मला ढकलत सगळं कोर्ट आखलं. व्हर्न ओसरीवर उभा राहून बघत होता.

"मागची रेषा वाकडी झालीय," अखेर तो बोलला.

"झाली असेल." क्लॅरी माझ्या दांड्याला टेकला. "व्हर्न, तुला तिथे मीच उभं केलं होतं. नियम सांगायचं राहिलं माझ्याकडून. आणि वर तुलाच बोललो."

"त्याच दिवशी म्हणाला असतास तर बरं झालं असतं, लेका," व्हर्न म्हणाला आणि त्याने आतून दुसरी खुर्ची आणली.

अंधार पडेपर्यंत दोघे त्या रिकाम्या कोर्टाकडे बघत बसले. मला धुवायचं मात्र विसरले. नळीत चुना वाळून दगड झाला, आणि त्यानंतर माझ्याकडून एकही रेषा निघाली नाही. क्लॅरी लेकीकडे गेला, मी व्हर्नच्या कोर्टाच्या कडेलाच राहिले. व्हर्न कधीमधी येऊन माझ्यावरची धूळ पुसतो, बोलत नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या मैदानावर माझ्यासारखी एखादी असेल, तर काम संपल्यावर तिला धुवून ठेवा. आणि कुणी चुकला, तर ओरडण्याआधी तो कुठल्या खेळातून आलाय ते विचारा. तेही त्याच दिवशी.