बांधातला दगड

मित्रांनो, मी एका बांधातला जुना दगड आहे. माणसाला अजून लिहिता येत नव्हते, तेव्हापासून मी या शेतात उभा आहे.

एका बहीण-भावाने मला ओढ्यातून इथवर आणले. आणताना दोघांच्या तोंडाला फेस आला.

"एवढा थोरला कशाला? लहान चालला नसता?" बहीण वैतागली.

"लहान दगडाला पाय फुटतात, ताई," भाऊ म्हणाला.

मग माझ्या दोन्ही अंगांना दगड रचून बांध झाला. अलीकडे त्यांचे शेत, पलीकडे शेजाऱ्यांचे गवताचे रान. पिढ्यामागून पिढ्या गेल्या. कुरबुरी झाल्या, पण बांध कोणी सरकवला नाही. पुढे वस्ती उठली, माझ्यावर माती चढली आणि मला कोणी विचारीनासे झाले.

फार काळाने नांगराचा फाळ माझ्या डोक्यावर आदळला. शेताच्या मालकांना सगळे काका म्हणत. त्यांनी माझे सोबती उपटून गोठ्याला पायऱ्या केल्या. माझी पाळी आली, तोच शेजारच्या टेकाडावर उत्खनन करणाऱ्या बाई धावत आल्या.

"काका, याला हलवू नका!"

"अहो, दगडच तो. हवा तर घेऊन जा."

"नेला की मुका होईल. जागेवर आहे, म्हणून काही सांगेल."

काका हसले. "बरं, पेरणीपर्यंत थांबतो. बोलला तर मलाही कळवा."

बाईंनी हलक्या हाताने माती काढली आणि एके दिवशी काकांना बोलावले.

"इकडची माती काळी आहे बघा. राख, खापरांचे तुकडे. घरचा केर वर्षानुवर्षे खत म्हणून इथे पडला. बांधापलीकडे मात्र कणभर नाही. आपलं खत दुसऱ्याच्या रानात कोण टाकेल?"

"म्हणजे तेव्हाही मालकी होती?"

"आपलं-परकं होतं, असं दिसतं. पण शेत एका घराचं की सगळ्या भावकीचं, ते कळत नाही. अख्खा बांध जागेवर असता, तर शेत केवढं होतं ते मोजता आलं असतं."

काकांनी गोठ्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, "पायऱ्या उखडून आणू?"

"कोणता दगड कुठे होता, आठवतं?"

काकांना आठवत नव्हते. मला सगळे ठाऊक होते, पण सांगणार कसे?

मित्रांनो, शेतात जुना दगड किंवा खापर दिसले, तर उचलू नका. आधी जाणत्याला बोलवा. आमची अर्धी गोष्ट आमच्या जागेत असते.

त्या पेरणीला काकांचा नांगर मला वळसा घालून गेला.