किंचाळलेला सूर

ओझेल प्रूइटच्या सॅक्सोफोनची ती तबकडी व्हर्नीडाला तोंडपाठ होती. एकेका सुराला तिने एकेक शब्द बसवला होता, तोही डेट्रॉइटच्या लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री फिरवताना. वाद्याच्या सुरांवर शब्द बसवून गायच्या या प्रकाराचा नियम मोठा खाष्ट. वादकाने जे वाजवलं ते सगळं गायचं, श्वाससुद्धा त्याच्याच जागी घ्यायचा. आणि त्या तबकडीत ऐन रंगात एक सूर चक्क किंचाळला होता. ओझेलची चूक होती ती.

त्या चुकीवर व्हर्नीडाने दुकानातली विक्रेती बसवली. शहरातल्या बड्या दुकानात व्हर्नीडाच्या आईने एक निळी हॅट डोक्यावर ठेवून पाहिली, तेव्हा ती बया अशीच किंचाळली होती, "काढ ती!" गोरीने हव्या तितक्या हॅटी घालून पाहाव्यात, काळीने लांबूनच बघून पैसे मोजावेत, अशी त्या दुकानाची रीत. आग लागो असल्या रीतीला!

आज व्हर्नीडाचं पहिलंच रेकॉर्डिंग होतं, आणि निर्माता लास्कर अडून बसला होता.

"हॅट काढ बाई, प्रियकर घाल तिथे. रेकॉर्ड विकणारे दुकानदार हात लावणार नाहीत याला."

"प्रियकर मावत नाही तिथे."

"माझाही कुठेच मावला नाही!" पियानोवाली डेल्फीन म्हणाली, आणि वादक खो खो हसले.

सुरुवातीचे सूर वाजवायला खुद्द ओझेल आला होता. तो मात्र हसला नाही. "पोरी, तेवढी किंकाळी तरी गाळ. तिच्यावरून लोक अजून माझी टर उडवतात."

हे तिला लागलं. लास्करला ती हिंग लावूनही विचारत नव्हती, पण सूर ओझेलचे होते. "मिस्टर प्रूइट, बाकी सगळे सूर तुमचे. हा एक माझ्या आईचा आहे. नाही गाळणार."

"हॅट आली की मशीन बंद," लास्कर म्हणाला.

"करा खुशाल."

वाद्यं सुरू झाली. हॅट आली, काचेपलीकडे लास्करने बटण दाबलं आणि रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझला. डेल्फीनचे हात अडखळले. व्हर्नीडा थांबली नाही. तबकडीत तिथे थांबा नव्हताच. गाण्यात आरसा आला, आईची मान ताठ झाली, आणि "काढ ती!" म्हणत व्हर्नीडा अशी काही कडाडली की लास्कर दचकून मागे सरला. तिने गाणं शेवटपर्यंत नेलं.

ओझेलने घसा खाकरला. "आई काय म्हणाली गं तेव्हा?"

"काहीच नाही. म्हणून तर मी गातेय."

ओझेल खुर्चीतून उठला आणि वाद्य घेऊन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "माझा सूर आहे तसाच राहील, लास्कर."

लास्करने बटणावरचं बोट हलवलं नाही.

"दिवा लावा, साहेब," व्हर्नीडा म्हणाली. "नाहीतर उद्या भर दुपारी त्या दुकानाच्या दारात उभी राहून हेच गाते. तिथे तुमचं बटण नाही."